मुलाखतीनंतरचें पत्र

गेल्या श्रावणांतली गोष्ट. पावसाची झड लागलेली होती. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतींतील एका रासायनिक कारखान्यांत मुलाखत देऊन सायंकाळीं घरीं परतली. छत्री ओटीवर निथळत ठेवून आंत येतां येतांच तिनें विचारलें, "काका, मुलाखत घेणारांस आभाराचें पत्र पाठवावें काय? माझ्या मैत्रिणी म्हणतात, पाठविलेंच पाहिजे."

आम्ही कांहीं बोलण्याच्या आधींच बंधू म्हणाले, "कशासाठीं? त्यांना माणूस हवें होतें, त्यांनीं बोलाविलें, तूं गेलीस. यांत उपकार कसला? पत्र पाठविलेंस तर हिला फार गरज आहे असें समजतील." तिच्या आईचें म्हणणें निराळें पडलें. ती म्हणाली, "गोड बोलल्यानें आपलें कांहीं जात नाहीं. झाला तर उपयोगच होईल. पाठव."

दोघांचेंहि बोलणें आम्हांस पटेना. एकास पत्रांत याचना दिसत होती, दुसरीस पत्रांत लाभ दिसत होता. परंतु पत्र हें नोकरी मिळविण्याचें साधन आहे, हें दोघांनींहि गृहीत धरलेलें होतें. तसें तें नसेल तर काय, याचा विचार आम्ही पुढें कित्येक दिवस करीत होतों. तो येथें मांडतों.

कोन हें पनवेल तालुक्यांतील आमचें गांव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत आहे. एकीकडे रसायनी-पाताळगंगेचे कारखाने, दुसरीकडे १९८९ सालीं सुरू झालेलें न्हावाशेव्याचें बंदर, आणि आतां ऑक्टोबर २०२५ मध्यें उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. यामुळें ज्या घरांत पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत महिन्या-दोन महिन्यांनीं कोठल्या ना कोठल्या मुलाखतीची वार्ता असतेच. नोकरी जाणें म्हणजे काय, हेंहि या भागास कोणी शिकवावयास नको. रसायनीचा हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१७ सालीं झाला. मुंबईच्या ज्या गिरणी कामगारांचे संसार १९८२ च्या संपानंतर विस्कटले, त्यांच्यासाठीं २०१६ सालीं २,४१७ घरांची सोडत निघाली, तीं घरेंहि आमच्या कोनांतच आहेत. अशा ठिकाणीं मुलाखतीनंतर पत्र पाठवावें कीं पाठवूं नये, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाहीं. आशा लावून बसलेल्या माणसानें आपला मान राखून कसें बोलावें, असा तो प्रश्न होतो.

बंधूंच्या आक्षेपाच्या मुळाशीं आपली एक जुनी समजूत आहे. आपल्या घरांत कोणी कोणाचे आभार मानीत नाहीं. आईनें पान वाढलें म्हणून मुलगा 'आभारी आहें' असें म्हणूं लागला, तर त्याला बरें नाहीं कीं काय अशी शंका तिला येईल. 'आभार' या शब्दांत भार आहे. आपल्या माणसानें केलेल्याचा भार वाटूं नये, म्हणून तो शब्द घरांत कोणी उच्चारीत नाहीं. हें सर्व खरें आहे. परंतु तें आपल्या माणसांपुरतें खरें आहे. मुलाखत घेणारा परका असतो. परक्याच्या ठिकाणीं न बोलतां समजण्याची सोय नसते. तेथें जें वाटतें तें शब्दानें पोंचतें केलें पाहिजे. शिवाय, भार वाहणें निराळें आणि जाणणें निराळें. 'कृतज्ञ' या शब्दाचा अर्थ, केलेलें जाणणारा, एवढाच आहे. त्यांत वांकणें नाहीं कीं हात पसरणें नाहीं.

कित्येकांस वाटतें कीं ही रीत पाश्चात्त्यांची, तिचें आपणांस काय? ही रीत अमेरिकेकडून आली हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. नोकरी शोधणारांसाठीं रिचर्ड बोल्स यांनीं लिहिलेलें 'व्हॉट कलर इज युवर पॅराशूट?' हें पुस्तक १९७० सालीं प्रथम निघालें, आणि मुलाखतीनंतर आभारपत्र धाडण्याचा त्यांत आग्रह आहे. परंतु रीत तिकडची असली तरी गुण तिकडचा नव्हे. रामायणाच्या आरंभीं वाल्मीकीनें नारदास आदर्श पुरुषाविषयीं जो प्रश्न केला, त्यांत गुणांची गणना करतांना धर्मज्ञाच्या पाठोपाठ कृतज्ञ येतो. किष्किंधाकांडांत तर आमच्या मतें एक मुलाखतच वर्णिली आहे. हनुमान भिक्षूच्या वेषानें राम-लक्ष्मणांस भेटावयास येतो. त्याचें भाषण ऐकून राम लक्ष्मणास सांगतो कीं, याचें व्याकरण पक्कें आहे, इतकें बोलला पण एकहि अपशब्द आला नाहीं, मुद्रेवरहि कोठें दोष दिसला नाहीं. बोलण्यावरून माणूस पारखण्याचा याहून सुंदर प्रसंग आम्हांस ठाऊक नाहीं.

त्याच कांडांत पुढें काय होतें तेंहि पाहण्यासारखें आहे. राज्य मिळालेला सुग्रीव दिलेला शब्द विसरून सुखांत रमतो, आणि लक्ष्मण धनुष्य घेऊन किष्किंधेच्या दारांत उभा राहतो. इतर पातकांस प्रायश्चित्त आहे, कृतघ्नास नाहीं, असें तो सुग्रीवास सुनावतो. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, येथें कृतघ्नपणाचा ठपका पद मिळालेल्यावर आला, पद मागावयास आलेल्यावर नव्हे. या मुद्द्याकडे आम्ही पुढें वळणार आहों.

'मुलाखत' हा शब्द मूळचा अरबी आहे आणि त्याचा अर्थ भेट असा आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांत राजे व सरदार एकमेकांस भेटले म्हणजे त्यास मुलाखत म्हणत. भेट आटोपली कीं यजमान पाहुण्यास विडा, अत्तर, गुलाब देऊन निरोप देई. म्हणजे भेट कशी संपवावी याची रीत ठरलेली होती, आणि ती संपविण्याचा पहिला अधिकार बोलावणाराचा होता. आजच्या मुलाखतींतून विडा गेला आणि निरोपहि गेला. 'कळवूं' हा एक शब्द तेवढा उरला. भेट अशी अर्धवट तुटते, ती नीट पुरी करणें एवढेंच आभारपत्राचें काम आहे असें आम्ही मानतों.

हें आम्हीं त्या सायंकाळीं थोडक्यांत पुतणीस सांगितलें. ती हसून म्हणाली, "काका, पत्र तर तयारच आहे." मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून तिनें तें परततांना वाटेंतच लिहवून घेतलें होतें. आम्हीं वाचलें. इंग्रजी निर्दोष होतें. अमूल्य संधीबद्दल आभार होते, संस्थेच्या ध्येयानें भारावून गेल्याची कबुली होती, आपल्या गुणांनीं संस्थेच्या उत्कर्षास हातभार लावण्याची उत्कंठा होती. आमची पुतणी मात्र त्यांत कोठें नव्हती. तेंच पत्र त्या दिवशीं बांकावर बसलेल्या कोणत्याहि उमेदवारास कोणत्याहि कारखान्याकडे धाडतां आलें असतें. शाळेंत निबंध तपासतांना मार्गदर्शिकेंतून उतरविलेला निबंध आम्हीं पहिल्या ओळींतच ओळखीत असूं. त्यांत चुका नसत, आणि मूलहि नसे.

आम्हीं म्हटलें, "पत्र राहूं दे. तेथें झालें काय, तें सांग."

मग तिनें सांगितलें. तिघे जण बसले होते. त्यांतील वयस्क गृहस्थ गुणवत्ता-तपासणीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. मुलाखत संपल्यावर त्यांनीं स्वतः उठून तिला प्रयोगशाळा दाखविली, आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक मालाचा नमुना कारखान्यांत कां जपून ठेवावा लागतो, हें समजावून सांगितलें. उद्यां तक्रार आली तर ताडून पाहण्यास दुसरें साधन नसतें. इतकें सांगून ती थांबली. थोड्या वेळानें खालच्या आवाजांत म्हणाली, "एका प्रश्नाचें उत्तर मात्र मीं चुकविलें." ॲसेटिक ॲसिड व कॉस्टिक सोडा यांच्या अनुमापनांत दर्शक कोणता घ्यावा, असें त्या गृहस्थांनीं विचारलें होतें. घाबरून तिनें मिथिल ऑरेंज असें सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत, पुढच्या प्रश्नाकडे वळले. परततांना रिक्षेंत तिला आठवलें कीं उत्तर फिनॉल्फ्थॅलीन असें होतें.

"मग हें पत्रांत कां नाहीं?" आम्हीं विचारलें.

"झालेली चूक आपणच पुन्हां कशाला दाखवायची?" ती म्हणाली. बंधूंनींहि तिची बाजू घेतली. "बाकीच्या दोघांच्या कदाचित् ध्यानांतहि आली नसेल," ते म्हणाले. हें बोलणें अगदींच टाकाऊ नव्हतें. पोरीची पहिलीच मुलाखत होती, घरांत त्या पगाराची गरज होती, आणि आमच्या उपदेशानें तिची जागा गेली असती तर आम्हांस जन्मभर लागून राहिलें असतें. म्हणून आम्हीं आग्रह केला नाहीं. एवढेंच विचारलें, "तुमच्या प्रयोगशाळेंत वहींत माप चुकून लिहिलें तर काय करतात?"

ती चटकन् म्हणाली, "खोडरबरानें पुसायचें नसतें. एक रेघ मारायची, खालचें वाचतां आलें पाहिजे. शेजारीं बरोबर माप लिहून सही करायची." आणि आपलें उत्तर आपणच ऐकल्याप्रमाणें ती गप्प बसली. रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें नवें पत्र लिहिलें. कारखान्याचा व्यवहार इंग्रजींत, म्हणून तें इंग्रजींत गेलें. परंतु तिनें आधीं तें मराठींत लिहून आम्हांस दाखविलें होतें. तिच्या संमतीनें तें येथें देतों.

"महोदय, सा. न. वि. वि. आज आपण व आपल्या सहकाऱ्यांनीं मुलाखतीसाठीं वेळ दिलात, आणि आपण स्वतः प्रयोगशाळा दाखविलीत, याबद्दल मी आभारी आहें. नमुने जपून ठेवण्याचें जें कारण आपण सांगितलेंत, तें मला पुस्तकांतून इतकें स्पष्ट कळलें नव्हतें. अनुमापनाच्या प्रश्नास मीं मिथिल ऑरेंज असें उत्तर दिलें, तें चुकलें. त्या अनुमापनांत शेवटीं द्रावण किंचित् अल्कधर्मी असतें आणि मिथिल ऑरेंजचा रंग त्याच्या पुष्कळ आधीं पालटतो, म्हणून फिनॉल्फ्थॅलीन घ्यावयास हवें. निवड कोणाचीहि होवो, आजच्या भेटीचा मला उपयोग झाला. आपल्या सहकाऱ्यांसहि माझा नमस्कार सांगावा. आपली नम्र."

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलें-मुली मुलाखतींस जात असतील, त्यांनीं या पत्राची नक्कल करूं नये. त्याची घडण मात्र पाहावी. पत्र त्याच दिवशीं, किंवा फार तर दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत जावें. आठवड्यानें गेलेलें आभारपत्र हें स्मरणपत्र होतें. ज्या ई-मेलच्या पत्त्यावरून बोलावणें आलें त्यावर उत्तर म्हणून तें धाडावें. मुलाखत घेणाराचा घरचा पत्ता किंवा मोबाइल क्रमांक शोधून रात्रीं व्हॉट्सॲपवर निरोप टाकणें हें दार ठोठावण्यासारखें आहे. अनेक जण बसले असतील आणि सर्वांचे पत्ते नसतील, तर एकास लिहून इतरांस नमस्कार सांगावयास सांगावें. १८७९ सालीं आपल्याकडे पाव आण्याचें पोस्टकार्ड आलें. त्याच्या पाठीवर मावेल एवढाच मजकूर असावा.

मजकुरांत आभार कोणत्या गोष्टीचे तें नेमकें सांगावें. 'संधीबद्दल आभार' असें सर्वच लिहितात; 'प्रयोगशाळा दाखविलीत' असें ज्यानें ती पाहिली तोच लिहूं शकतो. एखादें उत्तर अर्धवट राहिलें असेल किंवा चुकलें असेल, तर दोन ओळींत तें पुरें करावें; पांच उत्तरें चुकलीं असतील तर तीं सर्व दुरुस्त करीत बसूं नये. पगार, रुजू होण्याची तारीख, घरची अडचण, ओळखीच्या बड्या माणसाचें नांव, यांपैकीं कांहींहि त्यांत येऊं नये. पेढ्यांचा पुडा तर नकोच. त्यानें आभाराची लांच होते. यंत्राकडून भाषा तपासून घेण्यास आमची हरकत नाहीं, शब्दकोश आपणहि पाहतोंच. परंतु काय लिहावयाचें हें यंत्रास विचारूं नये, कारण तें त्या खोलींत नव्हतें.

या सर्वांहून मोठी कसोटी एकच आहे. पत्र लिहून झाल्यावर क्षणभर असें समजावें कीं नकार आलेला आहे, जागा दुसऱ्यास मिळालेली आहे. तरीहि हें पत्र पाठवावेंसें वाटतें काय? वाटत असेल तर तें आभारपत्र आहे, खुशाल धाडावें. वाटत नसेल तर तो अर्ज आहे, आणि अर्ज एकदां केलेला असतोच.

एका ठिकाणीं मात्र हें पत्र मुळींच पाठवूं नये. लोकसेवा आयोगासारख्या सरकारी निवडींत उमेदवारानें आपल्यासाठीं कोणत्याहि प्रकारें शब्द टाकविणें किंवा वशिला लावणें हें अपात्रतेचें कारण ठरतें. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत एकूण २,०२५ गुणांपैकीं २७५ गुण मुलाखतीस असतात. एवढ्यानें माणसाचें भवितव्य पालटूं शकतें, म्हणून तेथें निवड करणारांशीं खासगी पत्रव्यवहाराचा वासहि नको. वशिल्याच्या संशयापायींच केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. तेथें खोलींतून उठतांना केलेला नमस्कार हेंच आभारपत्र. त्यापुढें मौन हीच सभ्यता.

आतां सुग्रीवाकडे वळूं. उमेदवारानें आभार मानावेत असें सांगणारे पुष्कळ आहेत; बोलावणारानेंहि कांहीं देणें लागतें, हें सांगणारे थोडे. तरुण उमेदवार एक दिवसाचें काम सोडतो, पदरचें भाडें खर्चतो, रात्रभर तयारी करतो, आणि परक्या माणसांपुढें आपलें अज्ञान उघडें करतो. त्याची पोंच कोण देतो? आमच्या तरुणपणीं आम्हीं एका शाळेंत शिक्षकाच्या जागेसाठीं मुलाखत दिली होती. 'आठ दिवसांत कळवूं' असें सांगण्यांत आलें. आम्ही तीन महिने टपालवाल्याची वाट पाहिली. शेवटीं त्या शाळेचा शिपाई बाजारांत भेटला, तेव्हां कळलें कीं जागा पहिल्याच आठवड्यांत भरली होती. नकाराचें दुःख चार दिवसांत ओसरलें; वाट पाहावयास लावल्याचें अजून ओसरलें नाहीं.

मोठ्या पदावरच्या माणसास लहान पत्रासाठीं वेळ नसतो, ही सबब खरी नव्हे. १९७४ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनीं टेल्को कंपनीची एक जाहिरात पाहिली. स्त्री उमेदवारांनीं अर्ज करूं नये असें तींत म्हटलें होतें. त्यांनीं रागानें एक साधें पोस्टकार्ड थेट जे. आर. डी. टाटा यांस धाडलें. त्याचा परिणाम असा झाला कीं येण्याजाण्याच्या खर्चासह त्यांस पुण्यास मुलाखतीचें बोलावणें आलें, आणि त्या निवडल्या गेल्या. तें पत्र आभाराचें नव्हतें, तक्रारीचें होतें. तरी तें वाचलें गेलें आणि त्याची दखल घेतली गेली. आज तर नकार कळविण्यास पोस्टकार्डहि लागत नाहीं. एका बोटानें शंभर जणांस निरोप जातो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण आज कचेऱ्यांत, शाळांत, पेढ्यांत निवड करणाऱ्या खुर्चीवर बसत असतील. त्यांस आमची विनंती आहे कीं, 'कळवूं' असें म्हटलें तर कळवावें. विडा देणें प्रथम यजमानाकडे असतें.

पुतणीच्या पत्राचें काय झालें, हें सांगून लेख पुरा करतों. अकराव्या दिवशीं त्या गृहस्थांचें उत्तर आलें. जागा अनुभव असलेल्या एका उमेदवारास दिली, दर्शकाविषयींचें आपलें उत्तर आतां बरोबर आहे, आणि असें कळविणारे उमेदवार थोडे असतात, एवढाच मजकूर होता. नोकरी मिळाली नाहीं. पोरगी त्या रात्रीं फारशी जेवली नाहीं. बंधूंनीं तें उत्तर मोबाइलवर दोनदां वाचलें, चष्मा पुसला, आणि "माणूस चांगला दिसतो," एवढेंच म्हणाले.

त्या उत्तरास उत्तर पाठवावें काय, हें मात्र तिनें या वेळीं कोणासहि विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओटीवर बसून तिनें तें आपल्या हातानें लिहिलें.